पान किती वेळ ओले राहते

माझ्या बागेतला पहिला पिवळा गुलाब मी निव्वळ फुलावर भाळून घेतला होता. रोपवाटिकेत त्याचे एकूण एक पान स्वच्छ आणि तुकतुकीत होते. घरी आणून लावल्यावर दीड महिन्याच्या आत, ऐन पावसात, पानांवर काळे ठिपके पडून ती गळत गेली आणि शेंड्याची चार-पाच पाने सोडली तर त्याच्या अंगावर काही उरले नाही. विक्रेत्याने फसवले असे तेव्हा वाटले. पुढे लक्षात आले की विक्रीच्या रोपांवर बहुधा ठरावीक दिवसांनी बुरशीनाशक फवारलेले असते, त्यामुळे तिथे दिसणारा पानांचा निरोगीपणा त्या जातीचा आहे की फवारणीचा, हे नुसते पाहून सांगता येत नाही. तो पिवळा गुलाब अजून माझ्याकडे आहे. त्याच्याविषयी शेवटी सांगतो.

काळ्या ठिपक्यांचा रोग 'डिप्लोकार्पॉन रोझे' नावाच्या बुरशीमुळे होतो. ठिपका भिंगाखाली धरला तर त्याची कड गुळगुळीत नसते; शाई टीपकागदावर फुटावी तशी ती चहूबाजूंनी तंतूतंतूंनी पसरलेली दिसते. ज्या ठिपक्यांची कड रेखीव आणि मधला भाग राखाडी असतो, तो बहुधा दुसराच रोग असतो. काळ्या ठिपक्याभोवतीचा भाग पिवळा पडतो, मग सगळे पान पिवळे होते आणि नुसता धक्का लागला तरी गळते. ठिपक्यात टाचणीच्या टोकाएवढ्या बारीक पुटकुळ्या असतात. बीजाणू, म्हणजे बुरशीचे सूक्ष्म बी, त्यांच्यात तयार होतात, पण चिकट लगद्यात अडकलेले असल्यामुळे ते भुरीच्या (पानांवर पांढरी भुकटी आणणाऱ्या रोगाच्या) बीजाणूंसारखे वाऱ्यावर सहजी उडत नाहीत, तर पाण्याच्या शिंतोड्यांबरोबर एका पानावरून दुसऱ्यावर जातात. तिथे पोहोचल्यावरही रुजण्यासाठी त्यांना पानावर पाणी लागते, आणि लागण व्हायला पान साधारण 7 तास सलग ओले राहावे लागते. हवा 18 ते 24 अंश सेल्सिअसच्या दरम्यान असेल तर या बुरशीचे फावते. कोवळी, अजून वाढत असलेली पाने तिला सर्वांत लवकर बळी पडतात. लागण झाल्यापासून ठिपका दिसेपर्यंत तीन दिवसांपासून दोन आठवड्यांपर्यंतचा काळ जातो, म्हणजे आज दिसलेला ठिपका हा मागच्या कुठल्या तरी ओल्या रात्रीचा हिशेब असतो.

हे 7 तास एकदा मनात बसले की फवारणीशिवाय काय करायचे ते बरेचसे आपोआप ठरते. (फवारणी म्हणताना मी खाण्याचा सोडा आणि दूध हे घरगुती उपायही त्यातच धरतो. दर आठवड्याला पंप घेऊन उभे राहणे मला नको आहे, मग त्या पंपात काहीही असो. शिवाय एकदा पडलेला ठिपका कोणत्याही फवाऱ्याने पुसला जात नाही.)

परंतु सर्वांत मोठा निर्णय रोप विकत घेतानाच होऊन जातो, आणि त्यासाठी थोडा इतिहास माहीत असलेला बरा. आजच्या बागेतील पिवळे, केशरी आणि जर्दाळूच्या रंगाचे बहुतेक गुलाब ज्या वंशातून आले, त्याची सुरुवात फ्रान्समधील लियों येथील जोसेफ पेर्ने-दुशे यांनी 1900 मध्ये आणलेल्या 'सोलेय द'ओर' या जातीपासून होते. त्यांनी त्यासाठी 'रोझा फेटिडा' या जातीचा दुहेरी पाकळ्यांचा पिवळा प्रकार वापरला होता. त्याचा गडद पिवळा रंग पुढच्या पिढ्यांत उतरला, आणि काळ्या ठिपक्यांना बळी पडण्याचा स्वभावही. म्हणून पिवळा गुलाब निवडताना मी आता दुप्पट चौकशी करतो. याउलट 'रोझा रुगोसा' या सुरकुतलेल्या, जाडसर पानांच्या जातीवर हा रोग क्वचितच दिसतो, आणि गंमत म्हणजे तिला फवारणीच सोसत नाही, पाने करपतात. लहान, चकचकीत पानांच्या जुन्या जातींपैकी 1932 ची 'द फेअरी' अजूनही भरवशाची मानली जाते. विल्यम रॅडलर यांची 2000 साली बाजारात आलेली 'नॉक आउट' तर याच गुणासाठी प्रसिद्ध झाली. तिला सुगंध जवळजवळ नाही आणि फूलही साधे आहे, पण पाने हिरवी राहतात हे नाकारता येत नाही.

जर्मनीतील 'एडीआर' चाचणीची खूण नावापुढे असेल तर मी ती सर्वांत जास्त मानतो. या चाचणीत नव्या जाती वेगवेगळ्या ठिकाणी तीन वर्षे वाढवल्या जातात आणि 1997 पासून तिथे कीड-रोगांची औषधे अजिबात वापरली जात नाहीत. नुसत्या 'रोगप्रतिकारक' या शब्दावर मात्र माझा विश्वास नाही. या बुरशीचे अनेक वंश आहेत. एका भागातल्या वंशापुढे टिकलेली जात दुसऱ्या भागात हार खाऊ शकते, आणि दहा वर्षे निर्मळ राहिलेली जात पुढे ठिपके दाखवू लागते. त्यामुळे छापील वर्णनापेक्षा मी दुसऱ्यांच्या बागांवर अधिक विसंबतो. पावसाळी, दमट दिवस संपत आले की आजूबाजूच्या, न फवारलेल्या बागांमधून एक फेरी मारावी. त्या वेळी ज्या झुडपाच्या खालच्या फांद्यांवरही पाने असतील, त्याचे नाव विचारून घ्यावे. पहिल्या बहरात सगळेच गुलाब देखणे असतात, म्हणून तेव्हा खरेदी करू नये.

रोपात आणखी पाहायचे ते काड्यांकडे. एका वर्षाच्या कोवळ्या काडीवर जांभळट, किंचित उचललेले डाग असतील तर बुरशी तिथे दबा धरून असते. असे रोप मी घेत नाही, आणि घेतलेच तर ती काडी डागाच्या बरीच खाली छाटून मगच लावतो.

लागवडीनंतरचा सगळा खटाटोप पाने लवकर सुकावीत यासाठीच. मी एकदा आठवडाभर रोज सकाळी बोटाने पाने चाचपून वेळा लिहून ठेवल्या होत्या: उगवतीच्या उन्हात असलेले झुडूप आठ वाजता कोरडे होई, तर भिंतीलगत, दुसऱ्या झाडाच्या आडोशाला असलेल्या पिवळ्या गुलाबाच्या आतल्या पानांवर साडेदहालाही दव होते. त्यातच मी त्याला संध्याकाळी वरून झारीने पाणी घालत असे, म्हणजे जवळजवळ चौदा-पंधरा तास ओल मीच पुरवत होतो! आता पाणी सकाळी, फक्त आळ्यात, पानांना न लावता देतो. झुडपांमध्ये हात सहज फिरेल इतके अंतर ठेवतो, छाटणीत मधला भाग मोकळा करतो आणि जमिनीलगतची वीतभर पाने काढून टाकतो, कारण पहिले शिंतोडे तिथेच बसतात.

गळलेली पाने वेचण्याचा मात्र कंटाळा करू नये. बुरशी पुढच्या हंगामापर्यंत त्यांच्यातच तग धरते. मी ती घरच्या खतखड्ड्यात टाकत नाही, कारण बुरशी मरण्याइतका तो तापत नाही. मोठ्या छाटणीनंतर जमीन झाडून घेतो आणि नवी फूट येण्याआधी दोन-तीन इंच जाडीचे नवे आच्छादन पसरतो, म्हणजे नजरेतून सुटलेली पाने त्याखाली गाडली जातात. पाने ओली असताना झाडात हात घालत नाही. नत्राचा भडिमारही टाळतो, कारण त्याने कोवळी लुसलुशीत पालवी माजते.

इतके करूनही ठिपके येतात. हंगामाच्या अखेरीस एक तृतीयांश पाने गेली तरी मी तिकडे कानाडोळा करतो; जोमदार झुडूप तेवढे सहज भरून काढते. पण जे झुडूप सलग तीन हंगाम निष्पर्ण होते आणि दर वर्षी आधीपेक्षा बारीक काड्या देते, ते मी उपटतो, आणि त्याच खड्ड्यात दुसरा गुलाब लावायचा असेल तर आधी माती बदलतो.

पिवळ्या गुलाबाची दोन वर्षे अशी गेल्यावर तिसऱ्या वर्षी मी तो भिंतीपासून काढून उगवतीच्या उन्हात, एकटा, मोकळ्या जागी हलवला. यंदा त्याच्या खालच्या काड्या गुडघ्यापर्यंत उघड्या आहेत आणि ते काही देखणे नाही, पण वरच्या चार फांद्यांवर पाने टिकली आहेत. आज सकाळी आठला ती कोरडी होती, आणि मधल्या फांदीवर तीन कळ्या आहेत.