कमी कार्ब, आठवड्याला ८०० रुपये : सोळाव्या आठवड्याची नोंद

वजन ८६.४ वरून ८१.२ किलो. कंबर साडेतीन इंच उतरली. सहाव्या ते नवव्या आठवड्यात काटा ८३.९ वरून हलायलाच तयार नव्हता. त्याचं कारण शेवटी सापडलं, आणि ते आपल्या सोलापूरकरांच्या रोजच्या ताटातलंच आहे.

कडक भाकरी.

मी केटो, म्हणजे कार्ब जवळजवळ बंद, असलं काही करत नाही. दिवसाला १०० ग्रॅम कार्बच्या (कर्बोदकांच्या) आत राहायचं, एवढाच नियम. मंगळवेढ्याची मालदांडी ज्वारी घरात पोत्यानं येते, ती पूर्ण सोडणं मला जमणार नव्हतं आणि सोडायचीही नव्हती. म्हणून दोन भाकऱ्या ठेवल्या, एक डब्यात, एक रात्री. ताज्या भाकरीचा हिशोब मी १०० ग्रॅमला ४० कार्ब असा धरला होता. कडक भाकरी काट्यावर ६० ग्रॅम भरायची, म्हणून वहीत २४ लिहायचो. हलकी, पातळ, पापडासारखी मोडणारी, त्यामुळे शंका आलीच नाही.

एका रविवारी आईला म्हटलं, बरोबर ६० ग्रॅम पिठाचीच भाकरी थाप. "भाकरी तोलून खाणार व्हय रे तू?" म्हणाली, पण थापली. तव्यावरून उतरली तेव्हा ९५ ग्रॅम. मंद आचेवर कडक करून सकाळी तोलली तर ५७. म्हणजे पाणी सगळं उडालं, पीठ तेवढंच राहिलं. ज्वारीच्या पिठात साधारण ७० टक्के कार्ब, म्हणजे त्या एका भाकरीत ४२. मी २४ लिहीत होतो. दोन भाकऱ्यांचे मिळून रोज ३६ ग्रॅम वहीबाहेर जात होते. कुणी कडक भाकरी, खाकरा, टोस्ट असलं कोरडं खात असेल तर शिजलेल्या वजनावर विसंबू नका, पीठ मोजा. आता दिवसाला एकच खातो, चुरून दह्यात.

आता पैशाचं. सुरुवातीला इंटरनेटवरच्या याद्या बघून बदाम आणि पनीर आणलं आणि आठवड्याचा खर्च १,३०० वर गेला. मग दहा ग्रॅम प्रोटीन कितीला पडतं ते काढलं. मी घेतो त्या दुकानातल्या दरानं बदाम ४३ रुपये, पनीर २२, अंडी १०, शेंगदाणे साडेपाच. त्या दिवसापासून बदाम बंद. मात्र शेंगदाण्यातून तेवढंच प्रोटीन घेताना कॅलरी अंड्याच्या जवळपास दुप्पट येतात, म्हणून दिवसाला ५० ग्रॅमवर थांबतो.

सध्याचा आठवडा असा: अंड्यांचा ट्रे १९०, शेंगदाणे ५०, रोज अर्धा लिटर दूध विरजून दही २००, अर्धा किलो चिकन १३०, पालेभाज्या ७०, वांगी-कोबी-दोडका १००, तेल ४०, जवस १५. बेरीज ७९५.

शेंगा चटणी उखळातच कुटतो. मिक्सरमध्ये तिची पूड होते. उखळात भाजलेले दाणे, लसूण, तिखट, जिरं, मीठ घालून दहा-बारा मिनिटं कुटलं की कडेला तेल सुटायला लागतं आणि चटणी बोटाला चिकटते. ती उकडलेल्या अंड्यावर दाबून खाल्ली की भाकरीची आठवण कमी होते. हे मी अगदी मनापासून सांगतोय.

पालेभाजीत या दिवसांत करडईला तोड नाही. कोवळी करडई, लसणाची फोडणी, वरून दाण्याचा कूट. दहा रुपयांची जुडी एका जेवणाला पुरते.

मटकी, तूरडाळ यांना प्रोटीन म्हणून भरवशानं धरणाऱ्यांसाठी: कोरड्या डाळीत प्रोटीन २२ टक्क्यांच्या आसपास, पण कार्ब ६०. मोड आणले म्हणून त्यात फार फरक पडत नाही. मी आमटी अर्धी वाटीच घेतो.

येळवस (वेळ अमावास्या), संक्रांत आणि गड्डा (सिद्धेश्वराची जत्रा) एकापाठोपाठ आले. येळवशीला शेतात भज्जी, उंडे आणि अंबील पोटभर खाल्लं, वही घरीच ठेवली होती. तीन दिवसांत काटा सव्वा किलो वर गेला आणि आठवड्यात परत खाली आला. त्यात पाणीच जास्त होतं, घाबरू नका.

वडिलांनाही हे सुरू करायचं होतं. त्यांना शुगरची गोळी आहे. जेवणातले कार्ब कमी केले आणि गोळी तीच राहिली तर साखर एकदम खाली जाऊ शकते, म्हणून आधी डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी डोस बदलून दिला, मगच सुरुवात केली.

सध्या जवसाच्या भाकरीवर काम चालू आहे. जवसात कार्ब दिसतात, पण जवळजवळ सगळा न पचणारा चोथाच. एक भाग जवसाचं पीठ, दोन भाग ज्वारी, उकळत्या पाण्यात भिजवलं. जवस चिकट होत असल्यानं थापायला छान, कडा फाटत नाहीत. पण तवा नेहमीसारखा तापवला की तेलाचा जळका वास येतो. येत्या रविवारी तवा मध्यम ठेवून, जवस आधी न भाजता करून बघणार आहे.