अहिथोफेलाची कबर

गुरुजींचा मुलगा गेल्याचा फोन आला तेव्हा नीट उजाडलंही नव्हतं. फोन आमच्या चर्चच्या पंच कमिटीच्या सेक्रेटरींचा होता. “पाळकसाहेब, त्यानं स्वतःच...” एवढं बोलून ते थांबले. मग पुढचं बोलले, आणि त्यानं मी जास्त हादरलो. “अंत्यविधी चर्चमध्ये घ्यायचा का नाही, ते आधी बसून ठरवावं लागेल. काही पंच नको म्हणतायत.”

नगर जिल्ह्यातली आमची ही मंडळी जुनी, मिशनच्या काळातली. शेती, साखर कारखान्यातली नोकरी, झेडपीची शाळा, यांवर घरं उभी राहिली. गुरुजी निवृत्त झाले तरी गावात त्यांना कुणी नावानं हाक मारत नाही. मुलगा तेविशीतला, पोलीस भरतीची तयारी करणारा. रविवारच्या शाळेत माझ्या डोळ्यांपुढे वाढलेला, नाताळच्या नाटकात हौसेनं मेंढपाळ होणारा पोरगा.

ग्रामीण रुग्णालयातून पोस्टमॉर्टेम होऊन त्याला आणायला दुपार होणार होती. तेवढ्या वेळात आम्ही चर्चच्या ओट्यावर बसलो. सर्वांत वयस्क पंच, ज्यांना सगळे आबा म्हणतात, त्यांनी रीत सांगितली. कुंपणाच्या कडेला जागा द्यायची. घंटा नाही, भजन नाही. खड्ड्यापाशी एक प्रार्थना, बस्स. दुसरे एक जण म्हणाले, “‘खून करू नको’ ही सहावी आज्ञा आहे साहेब. आणि कायद्यानं पण गुन्हाच की.”

कायद्याचं उत्तर सोपं होतं. २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्यानं असं पाऊल उचलणारा माणूस तीव्र मानसिक ताणाखाली होता असंच गृहीत धरायला सांगितलंय. वाचलेल्याला शिक्षा नाही, उपचार द्यायचे. सरकारला हे उमगलं आणि आपण मागे राहिलो, याचं मला दुःख झालं. पण मंडळीला कायद्यानं नाही, शास्त्रानं पटतं. म्हणून मी बायबलमधलं २ शमुवेल काढलं, सतरावा अध्याय.

अहिथोफेल हा दावीद राजाचा मंत्री. त्याचा सल्ला म्हणजे देवाचा शब्दच, असं लोक मानत. तो दाविदाच्या मुलाच्या, अबशालोमाच्या, बंडात सामील झाला. तिथं त्याचा सल्ला डावलला गेला. तेव्हा गाढवावर खोगीर घालून तो आपल्या गावी गेला, घराची निरवानिरव केली आणि स्वतःचा जीव दिला. आपल्याकडचे उपदेशक इथंच थांबतात, पण ते तेविसावं वचन थांबत नाही. त्याला त्याच्या बापाच्या कबरेत पुरलं, असं ते सांगतं. तो राजद्रोही होता, तरी त्याची जागा बापाजवळच राहिली, गावाबाहेर नाही.

मग दाविदाच्या आधीचा राजा शौल. लढाईत हरल्यावर त्यानंही स्वतःचा जीव दिला. त्याचं प्रेत पलिष्ट्यांनी बेथ-शानच्या तटावर टांगलं. याबेश-गिलादचे लोक रात्रभर चालत गेले, ते खाली काढून आणलं, अस्थी पुरल्या आणि सात दिवस उपास केला. ज्या दाविदाच्या जिवावर हा शौल वर्षानुवर्षं उठला होता, त्यानंच त्याच्यासाठी विलापगीत केलं. शास्त्र शौलाचं काहीही झाकत नाही. पण त्याची माती कुणी अडवली, असं कुठंही लिहिलेलं नाही.

“पण कॅथॉलिकांतसुद्धा नाकारायचेच की,” एक जण म्हणाले. खरं होतं. १९१७च्या त्यांच्या धर्मनियमांत तशी बंदी होती. १९८३च्या नव्या नियमांत ती राहिली नाही. हे ऐकून ओट्यावरची दोन-तीन डोकी हलली.

आबा मात्र गप्प होते. बऱ्याच वेळानं म्हणाले, “मला पोराचा राग नाही, साहेब. उद्या दुसऱ्या एखाद्या खचलेल्या पोरानं ही गर्दी, ही फुलं बघितली आणि त्याच्या मनात आलं, तर?” हा प्रश्न कठोरपणातून आलेला नव्हता, काळजीतून आला होता. एका मृत्यूच्या पाठोपाठ दुसरा होण्याची भीती खरीच असते. मी त्यांना शब्द दिला : त्याला वीर करणार नाही, कसं घडलं याचा चकार शब्द काढणार नाही, आणि तरुणांशी उघड बोलेन. आबा उठले आणि घंटेचा दोर सोडायला स्वतः गेले.

उपदेश मी थोडक्यात केला. न्याय करणारा एक आहे आणि तो आपल्यापैकी कुणी नाही, हे सांगितलं. मग तरुण संघाच्या बाकांकडे वळून म्हणालो, “मनात जगू नये असं येतं, ते देवापासून लपवू नका आणि माणसांपासूनही लपवू नका. एलिया संदेष्ट्यानं झुडपाखाली बसून मरण मागितलं, तेव्हा देवानं त्याला रागावलं नाही. झोपू दिलं, भाकर दिली, पाणी दिलं. माझं दार रात्रीही उघडं आहे. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी नंबर फुकट आहे, मराठीतून बोलता येतं. आत्ता मोबाइलमध्ये घालून घ्या.” चर्चमध्ये, शवपेटीसमोर, पोरांनी मोबाइल काढले. कुणालाही ते वावगं वाटलं नाही.

आजोबांच्या कबरेशेजारी माती दिली.

खरं अवघड काम संध्याकाळी, घरी होतं. बाई आतल्या खोलीत, गुरुजी ओसरीवर. दिवसभरात दोघांनी एकमेकांकडे पाहिलेलंही मला दिसलं नव्हतं. मी बसल्यावर गुरुजी म्हणाले, “आदल्या रात्री मी त्याला बोललो होतो. तिसऱ्यांदा भरतीत राहिला म्हणून.” आतून बाईंचा आवाज आला, “रोजच बोलत होते.”

“तुमची काही चूक नाही” हे वाक्य अशा वेळी लगेच तोंडावर येतं. मी ते म्हणत नाही, कारण ऐकणाऱ्याला ते दार लावून घेतल्यासारखं वाटतं. मी पुढचा अध्याय उघडला. अठरावा. मुलाशी बिनसलेला बाप, बंडखोर मुलगा, आणि मरणाची बातमी येताच वेशीवरच्या खोलीत जाऊन, तुझ्याऐवजी मी मेलो असतो तर, म्हणून रडणारा दावीद. तेवढं वाचून मी थांबलो. गुरुजी रडले. बाई उठून दारात आल्या. मग मी दोघांनाही विचारलं, गेले काही महिने तो कसा होता? उत्तरं दोघांकडून येत गेली : झोप नव्हती, जेवणावरची वासना उडाली होती, मित्रांचे फोन उचलत नव्हता, प्रार्थनेला यायचा पण गाणं म्हणत नव्हता. “हा आजार होता,” मी म्हणालो. “तुमचं बोलणं त्याला लागलं असेल, ते प्रभूपुढे ठेवू. पण एका रात्रीच्या बोलण्यानं माणूस असा जात नाही.” बाई ऐकत राहिल्या. माफ केलं असं त्या म्हणाल्या नाहीत, मीही म्हणायला लावलं नाही. क्षमा ही तेराव्याच्या आत उरकायची गोष्ट नव्हे.

धाकट्या बहिणीला त्या रात्री एकटं झोपवू नका, असं मावशीला बजावलं. पुढच्या आठवड्यात तिघांना नगरच्या मानसोपचारतज्ज्ञांकडे न्यायचं ठरलं. गुरुजी आधी “प्रार्थना पुरे” म्हणाले. शुभवर्तमान लिहिणारा लूक वैद्य होता आणि प्रेषित पौलाचा सोबती होता, एवढं सांगितल्यावर तयार झाले.

निघताना अंगणात वाडीवरच्या एक म्हाताऱ्या बाई उभ्या होत्या. माझा हात धरून म्हणाल्या, “आमच्या मालकाला साप चावला, असं मी आजवर सांगत आले, पाळकसाहेब. साप नव्हता.” आणि मी काही बोलायच्या आत त्या चप्पल काढून आत गेल्या, गुरुजींच्या बायकोजवळ बसायला.