तुम्ही विचारलंत म्हणून: जोडी का देत नाही?

"कोंबडा देता, कोंबडी देता, मग जोडी का देत नाही?" रविवारी गेटवर, फोनवर, लग्नाच्या पंगतीतसुद्धा हाच प्रश्न. भाव वाढवायला अडवून धरते, असं बावड्यातले निम्मे लोक म्हणतात. उरलेल्यांना वाटतं, उलट्या पिसांची कोंबडी माझ्याशिवाय कुणाकडे असूच नये असा माझा हट्ट आहे. एकदाच सांगते.

कुरळ्या, म्हणजे याच उलट्या पिसांच्या, कोंबडीला साध्या पिसांचा कोंबडा लावला की साधारण निम्मी पिल्लं कुरळी, निम्मी साधी. दोन्हीकडून कुरळंच आलं तर चारांत एक साधं, दोन कुरळी आणि एक दुप्पट कुरळं. भांडण त्या एकाचं आहे.

(अमावस्येच्या आधी ज्यांचे फोन येतात ते यात धरलेले नाहीत. त्यांना जोडी नको असते, उताऱ्याला एकच हवी असते, तीही काळी. जादूटोण्याविरुद्धचा कायदा २०१३ चा, फोन अजून येतात. कोंबडी खुडूक आहे, अंड्यांवर बसलीय, म्हणून सांगते. बारा महिने.)

माझी पहिली जोडी देणारा म्हणाला होता, "वहिनी, कुरळ्याला कुरळं लावा, सगळी कुरळीच निघतील." पटलं. खिल्लारला खिल्लारच बघतो की आपण. २०२१ च्या मे महिन्यात नऊ अंड्यांवर गावठी खुडूक बसवली, एकविसाव्या दिवशी सात पिल्लं. जन्मताना सगळी सारखीच, लवीचे गोळे. आठवड्याभरात पंखांची पिसं फुटली आणि टोकं बाहेर वळायला लागली. दोघांची सगळ्यांत जास्त. पिसं बारीक, सुतासारखी. मला तीच सगळ्यांत देखणी वाटली. भावही दुप्पट सांगितला. एक उचगावच्या कॉलेजातल्या पोरानं नेलं. दुसरं मी हौसेनं ठेवलं.

जुलैत ते उघडं पडायला लागलं. हातात घेतलं की पिसाची काडी मोडून बोटाला चिकटायची. पाठ गुलाबी. खायचं दोघांचं, अंगाला काही नाही. अंगात ऊब टिकत नाही, म्हणून खाल्लेलं सगळं ऊब धरण्यातच जातं, हे नंतर कळलं. त्यात पूर. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ४३ फुटांची धोक्याची पातळी ओलांडून गेलं, लाईट गेली, खोक्यातला बल्ब विझला. लेकीच्या पायमोज्याचं टोक कापून मी त्याला स्वेटर केला, शेजारी फडक्यात गुंडाळून गरम पाण्याची बाटली ठेवली. सासूबाई म्हणाल्या, "माणसांची पोरं भिजाय लागल्यात आणि तू कोंबडीला मोजं घालतीस." पण रात्री दोनला बाटलीतलं पाणी बदलायला त्याच उठल्या. पहाटे ते मेलं. मोजा काढला तर उरलीसुरली पिसं सगळी मोज्याच्या आत. पिल्लावर एकही नाही.

इथवर मी बिचारी आहे. पुढचं कुणाला सांगितलेलं नाही.

ऑगस्टमध्ये त्या पोराचा फोन आला. "मावशी, पिसं झडाय लागल्यात. काय रोग हाय व्हय?" तोवर जनावरांच्या डॉक्टरांनी मला सांगितलं होतं, रोग नाही, जोडी चुकली, अशांचं हृदयसुद्धा मोठं होतं. आणि मी काय म्हणाले? "कॅल्शियम देऊन बघ." पैसे परत दिले नाहीत. त्याचा पुन्हा फोन आला नाही, मीही केला नाही.

तुला कुठं माहीत होतं, असं तेव्हाची मी म्हणते. खुडूक बसवताना नव्हतं. फोनवर होतं.

भाचा म्हणतो, "मामी, एकेकटं देतीस त्याला काय अर्थ? त्याच्या घरात दुसरं असलं तर?" खरंय. विचारते, लोक नाही म्हणतात. साध्या निघालेल्यांचं काय करते तेही विचारता. तलंगा, म्हणजे तरण्या माद्या, अंड्यांना राहतात, नर तांबड्या रश्श्यात जातात. आता म्हणा दुष्ट. मग पाळतेस कशाला, तर वारा पडलेला असतानाही माझा कोंबडा वाऱ्यात सापडल्यासारखा चालत येतो, आणि ते बघायला मला अजून आवडतं. याहून चांगलं कारण माझ्याकडे नाही.

घ्यायचंच असेल तर पीस बोटांत धरून बघा. रुंद हवं, काडी टणक हवी. फार बारीक, फार कुरळं दिसलं तर हुरळू नका. मी हुरळले होते. सिल्की जातीच्या कोंबडीचं प्रकरण वेगळं. तिच्या पिसांना एकमेकांत अडकणारे आकडेच नसतात, आपल्या पावसात ती कापसासारखी भिजते. पत्र्याखाली कोरडी जागा असेल तरच त्या वाटेला जा.

गेल्या रविवारी सकाळी एकानं कुरळा कोंबडा नेला. दुपारी एक बाई कुरळी कोंबडी मागत आली, घरी कोंबडा नाही म्हणाली. गेटबाहेर सकाळचीच गाडी उभी होती. तिला साध्या पिसांची तलंग दिली. गाडीचा नंबर ध्यानात राहिला म्हणून. दर वेळी राहील असं नाही.