तीन घड्याळे आणि एक शनिवार

शनिवार, 8 नोव्हेंबर 2025, रात्री पावणेबारा

आज आमचा डन्जन्स अँड ड्रॅगन्सचा (प्रत्येकाने एक पात्र घेऊन मिळून गोष्ट रचण्याचा) ऑनलाइन खेळ झाला, पण साडेसातचा खेळ साडेआठला सुरू झाला आणि गेल्या शनिवारीही नेमके हेच घडले होते. फरक इतकाच की गेल्या आठवड्यात लंडनचा चोर तासभर उशिरा आला आणि आज न्यू जर्सीचा पुजारी. (गटातल्या मंडळींचा उल्लेख नावाऐवजी त्यांच्या पात्राने करण्याची सवय मला लागली आहे आणि ती आता रोजनिशीतही उतरली आहे.) आपण वेळेवरच आलो, असे दोघेही शपथेवर सांगत होते, आणि आपापल्या घड्याळाप्रमाणे दोघेही खरे होते.

जूनमध्ये वेळ ठरली तेव्हा पुण्यातले संध्याकाळचे साडेसात म्हणजे लंडनमधले दुपारचे तीन आणि न्यू जर्सीतले सकाळचे दहा होते, आणि दोघांनीही तीच वेळ आपापल्या मोबाइलच्या कॅलेंडरात दर शनिवारसाठी नोंदवून ठेवली होती. ब्रिटनमध्ये ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळे तासभर मागे घेतात आणि अमेरिकेत नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी. त्यामुळे 26 ऑक्टोबरपासून लंडनचे तीन म्हणजे आमचे साडेआठ झाले आणि 2 नोव्हेंबरपासून न्यू जर्सीचे दहाही साडेआठवर आले. मार्चमध्ये हा प्रकार उलट्या दिशेने होईल, आणि तेव्हा अमेरिकेची घड्याळे आधी हलत असल्यामुळे हा घोळ एका आठवड्यात न आटोपता दोन-तीन आठवडे चालेल. म्हणून आज खेळ संपल्यावर मी दोघांच्या नोंदी पुसायला लावल्या आणि भारतीय वेळेनुसार एकच नोंद करून सर्वांना पाठवली. आपले घड्याळ वर्षभर हलत नाही, तेव्हा खुंटी इथेच ठोकणे बरे.

घड्याळाचा प्रश्न निदान सुटण्यासारखा तरी होता. 2020 च्या टाळेबंदीत आम्ही डन्जन्स अँड ड्रॅगन्स खेळायला लागलो तेव्हा पाचही जण घरात अडकलेले होतो आणि वेळ ठरवणे हे काम असते, याची मला कल्पनाही नव्हती. डीएम (डन्जन मास्टर, म्हणजे खेळ चालवणारी व्यक्ती, आमच्यात मी) म्हणजे राक्षस, नकाशे आणि खजिने तयार करणारी व्यक्ती, अशी माझी समजूत होती. आता एखादे भुयार रचायला मला दोन तास लागतात आणि त्यात चार माणसे उतरवायला दोन आठवडे. 6 सप्टेंबरचा शनिवार अनंत चतुर्दशीचा होता, त्यामुळे पुण्यात राहणारा योद्धा मिरवणुकीत ढोल वाजवत होता. 18 ऑक्टोबरला धनत्रयोदशी होती, त्या दिवसाबद्दल मी विचारलेसुद्धा नाही.

विचारण्याबद्दलही थोडे लिहायला हवे. दर सोमवारी मी व्हॉट्सॲपवर “या आठवड्यात कोणाला कधी जमेल?” असा प्रश्न टाकत असे आणि त्यावर “बघतो”, “सांगते”, “बहुतेक” अशी उत्तरे येत. मराठीत “बघतो” याचा अर्थ “नाही” असा होतो, हे लहानपणापासून ठाऊक असूनही मी शुक्रवार रात्रीपर्यंत वाट पाहत राहायचे. त्यात त्यांचा दोष नव्हता, माझ्या प्रश्नाचाच होता. कारण मोकळा प्रश्न विचारला की प्रत्येक जण आपल्या अडचणी आठवू लागतो, आणि ठरलेला वार सांगितला की त्याच अडचणी तो त्या वाराभोवती हलवू पाहतो.

जूनमध्ये वार पक्का केला तेव्हा मी वहीत एक हिशेब मांडला होता. प्रत्येकाला पाचपैकी चार शनिवार जमतात आणि एकाच्या अडचणीचा दुसऱ्याच्या अडचणीशी संबंध नाही, असे धरले तर चौघेही एकाच वेळी जमण्याची शक्यता जेमतेम 41 टक्के येते. पण निदान तिघे आले तरी खेळायचे, असा नियम केला की तीच शक्यता 82 टक्के होते, म्हणजे थेट दुप्पट. (सणासुदीला हा हिशेब कोसळतो, कारण तेव्हा अडचणी सर्वांना एकदमच येतात.) नियम मी लगेच लागू केला, पण चेटकिणीला तो मनापासून पटलेला नाही. आपण नसताना गोष्ट पुढे गेली याचे तिला वाईट वाटते, आणि हे वाईट वाटणे मला हिशेबात धरता आले नव्हते.

अमेरिकेत बेन रॉबिन्स यांनी ‘वेस्ट मार्चेस’ नावाची जी मोहीम (याच खेळाची अनेक बैठकी चालणारी गोष्ट) चालवली, तिच्यात ठरलेला वारच नव्हता. खेळाडूंनी आपसात वेळ ठरवून डीएमला कळवायचे, जे येतील त्यांची पात्रे गावातून निघणार आणि खेळ संपण्यापूर्वी गावात परतणार. मला ही कल्पना फार आवडते, मात्र तिला बरेच खेळाडू लागतात, आणि आमच्या चौघांवर वेळ ठरवण्याचे काम सोपवले तर ती मंडळी पुढच्या गणपतीपर्यंत गावातच बसून राहतील. तिच्यातली गावात परतण्याची अट तेवढी मी उचलायला हवी होती. तसे न केल्यामुळे आमची पात्रे जूनपासून एकाच भुयारात आहेत आणि त्यांच्या जगात या पाच महिन्यांत पुरते दोन दिवसही उलटलेले नाहीत. या खेळाच्या दोन जनकांपैकी एक, गॅरी गायगॅक्स, यांनी 1979 च्या डीएमसाठीच्या पुस्तकात काळाची काटेकोर नोंद ठेवण्याबद्दल मोठ्या अक्षरांत बजावले आहे. ते खेळातल्या काळाबद्दल बोलत होते. तो माझ्या वहीत मशाल विझण्याच्या क्षणापर्यंत नोंदलेला आहे.

तुळशीची लग्ने लागली, आता माणसांची सुरू झाली. 15 तारखेला चेटकिणीकडे, म्हणजे नाशिकला, लग्न आहे आणि तसे तिने आजच कळवले. “बघते” असे न म्हणता सरळ “येणार नाही” म्हणाली, याबद्दल मी तिचे आभार मानले. तिचे पात्र त्या दिवशी भुयाराच्या तोंडाशी घोडे राखत बसेल. घोड्यांची नावे तिनेच ठेवली आहेत, त्यामुळे निदान त्या कामाबद्दल तिची तक्रार नसावी.