कोणी काही म्हणणार नाही

शुक्रवार, ६ मार्च २०२०

काल रात्री दादाचा फोन. पाच-सात मिनिटं बोललो असू, त्यातलं निम्मं वहिनीच्या गुडघ्याबद्दल. ठेवता ठेवता म्हणाला, "आणि तुझं तू बघ. नाही आलीस तरी कोणी काही म्हणणार नाही."

एवढंच. फोन ठेवला, दिवे बंद केले, आडवी झाले आणि झोप गेली ती गेलीच. कोणी काही म्हणणार नाही म्हणजे काय?

"ये" म्हणाला असता तर मी चिडले असते. बातम्या बघतोस की नाही, म्हणून त्यालाच सुनावलं असतं. "येऊ नकोस" म्हणाला असता तर थोडी रडले असते आणि तिकीट रद्द करून मोकळी झाले असते. त्यानं यातलं काहीच केलं नाही. मला सूट दिली. आणि सूट मिळाली की कळतं, आपल्यावाचून काही अडलेलं नाही. बाबांचा ऐंशीवा वाढदिवस आहे, हॉल ठरलाय, माणसं ठरलीयत, फोटोवाला ठरलाय. मी गेले तर एक खुर्ची वाढवायची, नाही गेले तर एक कमी करायची. धाकटेपण असंच असतं म्हणा. जन्मभर सगळं ठरल्यावर मला विचारलं गेलंय.

जरा जास्तच होतंय हे, कळतंय मला. पण इथे नाही करायचं तर कुठे करायचं.

दोन महिने मी या कोरोनाचं सगळं वाचतेय. २३ जानेवारीला वूहान बंद झालं तेव्हा "बापरे" म्हणून पुढच्या बातमीवर गेले होते. मग योकोहामाच्या बंदरात ते जहाज अडकलं. जवळजवळ ३,७०० माणसं त्यावर. आधीच हाँगकाँगला उतरून गेलेल्या एका प्रवाशाला लागण झाल्याचं कळलं, आणि बघता बघता जहाजावरचा आकडा सातशेच्या आसपास गेला. सुटीवर निघालेली माणसं, खिडकी असली तर खिडकी, नसली तर नुसत्या भिंती. नंतर उत्तर इटलीतली अकरा गावं बंद झाली. आता सकाळी दात घासायच्या आधी मी आकडे बघते. बघून काय करते? काही नाही. बघते.

त्यातलं एक कोष्टक मात्र डोक्यातून जात नाही. फेब्रुवारीत चीनमधून आलेलं, चव्वेचाळीस हजारांवर रुग्णांचं, वयोगटाप्रमाणे. माझ्या चाळिशीच्या ओळीत मृत्यूचं प्रमाण हजारात चार. सत्तर ते एकोणऐंशीच्या ओळीत शंभरात आठ. ऐंशी आणि पुढे, शंभरात जवळजवळ पंधरा. बाबा पुढच्या शनिवारी एकोणऐंशीचे ऐंशी होतात. म्हणजे शुक्रवारी रात्री झोपताना आठ आणि शनिवारी सकाळी उठताना पंधरा. वाढदिवसाची ही भेट त्यांना अजून कोणी सांगितलेली नाही. मीही सांगणार नाही.

तर स्वतःपुरतं म्हणाल तर मला फारशी भीती नाही. ऑफिसात एक जण रोज सांगतो की साधा फ्लू आहे, आणि एकीनं घरात महिन्याचं सामान भरून ठेवलंय. मी दोघांच्या मधे कुठेतरी आहे. भीती आहे ती मी काय घेऊन जाईन याची. दोन विमानं, तीन विमानतळ, रांगा, सरकते जिने, सुरक्षा तपासणीचे ते ट्रे, ज्यांत सगळ्या जगाचे बूट ठेवले जातात. आणि तिथून थेट बाबांच्या पाया पडायला. त्यांनी डोक्यावर हात ठेवायचा, मग जवळ घ्यायचं, आणि मग तोच हात डोळ्यांकडे, कारण त्यांच्या डोळ्यांत पाणी येणार.

विमानतळावर ताप बघतात म्हणे. ताप असला तर ना. लागण झाल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत साधारण पाच-सहा दिवस, कधी कधी चौदाही. मधल्या दिवसांत मी अगदी ठणठणीत असेन, हसत खेळत असेन, सगळ्यांना भेटत असेन.

२००३ सालचं, सार्सच्या, म्हणजे कोरोनाच्याच जातीच्या विषाणूच्या साथीतलं एक प्रकरण मी या आठवड्यात पुन्हा पुन्हा वाचलं. ग्वांगझूमधले ६४ वर्षांचे एक डॉक्टर. विचित्र न्यूमोनियाचे रुग्ण त्यांच्याकडे आले होते. स्वतःलाही बरं वाटत नव्हतं, पण मधे जरा सुधारलं. २१ फेब्रुवारीला नातेवाइकाच्या लग्नासाठी ते हाँगकाँगला गेले. मेव्हण्याबरोबर शहरात थोडं फिरले. हॉटेलात नवव्या मजल्यावर उतरले, एकच रात्र. दुसऱ्या दिवशी स्वतःच्या पायांनी हॉस्पिटलात गेले आणि ४ मार्चला वारले. पण त्या एका रात्रीत त्या मजल्यावरच्या पाहुण्यांना लागण झाली आणि त्यांच्याबरोबर तो आजार हनोई, सिंगापूर, टोरांटोला गेला. ज्यांना लागण झाली त्यांच्याशी ते दोन शब्द तरी बोलले असतील का, कोण जाणे. शेजारच्या दारातून गेले, लिफ्टसाठी थांबले, एवढाच संबंध.

लोक ही गोष्ट विषाणू किती पसरतो हे सांगायला सांगतात. मी मात्र त्या लग्नापाशीच अडकते. डॉक्टर माणूस. सगळं माहीत असलेला. तरी निघाला. मला उगाचच वाटत राहतं की त्यांनाही फोनवर कोणीतरी म्हणालं असेल, तब्येत बरी नसेल तर नका येऊ, कोणी काही म्हणणार नाही. आणि ते ऐकूनच त्यांनी बॅग भरली असेल. "ये, ये" असा आग्रह झाला की माणूस सबबी शोधतो. नाही आलास तरी चालेल म्हटलं की मात्र हट्टानं निघतो. मी काल रात्री एक वाजता कपाटावरून बॅग काढली होती. आज सकाळी ती पलंगाशेजारी उघडी पडलेली बघितली आणि प्रश्न पडला, यातलं बाबांसाठी किती आणि दादाला दाखवायला किती? "बघ, आले." हे म्हणायला मी दोन विमानं बदलून जाणार आहे का? असेन. मागच्या खेपेला निघताना जे झालं त्यानंतर तर नक्कीच. ते इथे नको.

मग म्हटलं, भावना बाजूला ठेवू, अभ्यास काय म्हणतात ते बघू. त्यात दुपार गेली. २००३मध्येच हाँगकाँगहून बीजिंगला गेलेल्या एका विमानात सार्सचा एक आजारी प्रवासी होता. १२० माणसांच्या त्या विमानात बाविसेक जणांना लागण झाली असावी असं निघालं, त्यातले काही त्याच्यापुढे सात-सात रांगांवर बसलेले. झालं, रद्द करते तिकीट. पण त्याच अभ्यासात पुढे दुसरं विमान. त्यात लक्षणं असलेले चार जण होते आणि लागण झाली असलीच तर फक्त एकाला. आता? विमानातली हवा सारखी गाळून येते, फिल्टर उत्तम असतात. पण आपल्या पुढच्या रांगेत खोकणाऱ्याची हवा आपल्याकडे आधी येते की फिल्टरकडे, हे कोण सांगणार? खिडकीपाशी बसून जागचं न उठणाऱ्याचा इतरांशी संपर्क सगळ्यांत कमी येतो, असंही एका अभ्यासात आहे. मी वर्षानुवर्षं कडेची सीट घेत आलेय, कोणाला "जरा उठता का" म्हणायला नको म्हणून. मास्क मिळवलाय एक, पण निरोगी माणसानं तो लावायची गरज नाही असं जागतिक आरोग्य संघटना सांगतेय. तो पर्समध्ये आहे, घडी न मोडता.

जुन्या लोकांचं बरं होतं. रागुसा म्हणजे आजचं दुब्रोव्हनिक. तिथे १३७७मध्ये नियमच केला होता की साथीच्या भागातून आलेल्यानं आधी महिनाभर बाहेर, जवळच्या बेटावर नाहीतर ठरवून दिलेल्या गावात राहायचं. मग शहरात यायचं. ये नाही, नको नाही, तुझं तू बघ तर नाहीच नाही. महिनाभर बस तिथे, मग बोलू. असा नियम आज कोणी माझ्यासाठी केला असता तर मी त्याच्याही पाया पडले असते. मी स्वतःहून चौदा दिवस आधी जाऊन वेगळी राहू शकते का, हाही हिशेब करून झाला. माझी सगळी रजा त्या बेटावरच संपते. वाढदिवसाला मी परतीच्या विमानात.

संध्याकाळी बाबांना फोन केला. फोन करताना ठरवलं होतं की त्यांच्यावर काही टाकायचं नाही, नुसता आवाज ऐकायचा. आवाजावरून मला कळतं. निदान मला तसं वाटतं.

"तिकीट कधीचं तुझं?"

"गुरुवारचं."

"रद्द होतं का ते?"

घसा एकदम दाटून आला. म्हणजे हेही. मी म्हटलं, "होतं बाबा. तारीख बदलून देतायत सध्या, पैसे न घेता. तुम्हाला नकोय का मी यायला?"

"ऐक तर. तू रद्द कर. म्हणजे मला म्हणता येईल की लेक नाही तर समारंभ नको. साठ माणसं बोलावलीत त्यानं. साठ! त्यातली निम्मी मला ओळखू येत नाहीत, आणि ज्यांची नावं आठवतात ती माणसं आता नाहीत."

मी हसायला लागले. इतकी हसले की तेही हसायला लागले, आणि मग त्यांना खोकला आला आणि आम्ही दोघंही एकदम गप्प झालो. "पाणी गं, पाणी लागलं घशाला," ते म्हणाले. मी विचारलं नव्हतं.

तर अशी गंमत. रात्रभर मी रडत होते की माझ्यावाचून काही अडत नाही, आणि इथे बाबांनी माझ्या न येण्यावर सगळा समारंभ अडवायचं ठरवलेलं. आजवर कुठे हजर राहून मी इतकी उपयोगी पडल्याचं आठवत नाही.

पण मघापासून पुन्हा तेच. मला सोपं जावं म्हणून तर त्यांनी हे रचलं नसेल? जमतं त्यांना. आईच्या वेळीही त्यांनी मला असंच काहीतरी सांगून आठ दिवस उशिरा बोलावलं होतं, आणि मी... असो. खरंच साठ माणसं नको असतील, खरंच मीही नको असेन काही दिवस, किंवा हवी असेन आणि म्हणूनच. तिन्ही एकाच वेळी खरं असू शकतं. ऐंशीच्या माणसाकडून एकच खरं काढून घ्यायचा हट्ट धरू नये. तरी एक नोंदवून ठेवते: "ये" असं कोणी म्हणालेलं नाही. दोन दिवसांत दोन फोन झाले. वहिनीनंही नाही. नोंदवलं, बस.

मग दादाला फोन. म्हटलं, मी येत नाही, आणि बाबा म्हणतायत की मी नाही तर समारंभ नको. तो थोडा वेळ गप्प. मग म्हणाला, "आता हॉलवाल्याला काय सांगू?" पण आवाजावरून वाटलं, हॉलवाल्याला काय सांगायचं ते त्यानं आधीच ठरवून ठेवलंय. नंतर बराच वेळ बोलत राहिला. इतका तो बोलत नाही. कोणाकोणाला कळवायचं त्याची यादी वाचून दाखवली, वहिनीचा गुडघा पुन्हा झाला, आणि मधेच म्हणाला, "मला तरी कुठे सुचत होतं काय करावं." मी "हं" म्हटलं. त्यावर आणखी बोलणं त्याला जमलं नसतं, मला तर नाहीच.

बॅग परत कपाटावर टाकली. तिकीट रद्द नाही केलं, पुढे ढकललं. कधीपर्यंत, याचाही हिशेब आहे माझा, कोणी विचारला नसला तरी. सार्सच्या वेळी जागतिक आरोग्य संघटनेनं जगाला इशारा दिला १२ मार्च २००३ला आणि साथ आटोक्यात आल्याचं जाहीर केलं ५ जुलैला. म्हणजे चार महिनेही नाहीत. या वेळी त्यांनी आरोग्य आणीबाणी जाहीर केली ३० जानेवारीला. चार महिने धरले तर मे संपता संपता सगळं निवळायला हवं. म्हणून जूनचा पहिला आठवडा घेतलाय, खिडकीची सीट. एक आठवडा जास्तीचा ठेवलाय, उगाच घाई नको.