मॅन्युअल की ऑटोमॅटिक: आधी गियरचं गणित, मग गाडी

वहीतलं काम

गाडीचा प्रकार आधीच पक्का होता: दोन दरवाजे, ताकद मागच्या चाकांना, वजन कमी, टर्बो नको. गाळत गाळत यादी टोयोटा जीआर ८६ वर येऊन थांबली. २.४ लिटरचं बॉक्सर (सिलिंडर आडवे, समोरासमोर) इंजिन आणि त्यामागे सहा गियरचा मॅन्युअल, नाहीतर सहा गियरचाच टॉर्क कन्व्हर्टरवाला ऑटोमॅटिक. म्हणजे उरला तो आपला जुनाच वाद. त्यावर गप्पा सुरू झाल्या की तिसऱ्या वाक्याला ‘खरा ड्रायव्हर कोण’ यावर विषय घसरतो आणि कामाचं काही हाती लागत नाही. म्हणून यावेळी सुरुवात वही-पेनने केली.

हिशेब सोपा आहे. गियरचा रेशो आणि फायनल ड्राइव्ह (गियरबॉक्सनंतर चाकांआधीचा शेवटचा रेशो) यांचा गुणाकार करायचा आणि इंजिनच्या आरपीएमला (मिनिटाच्या फेऱ्यांना) त्याने भागायचं, म्हणजे चाक मिनिटाला किती फेरे मारतं ते निघतं. त्याला टायरच्या परिघाने गुणलं की वेग. २१५/४०, १८ इंची टायरचा परीघ साधारण १.९८ मीटर येतो. मॅन्युअलचा दुसरा गियर २.१८८ आणि फायनल ड्राइव्ह ४.१. रेडलाइनच्या (इंजिनच्या फेऱ्यांची वरची मर्यादा) तोंडाशी, म्हणजे ७,४०० आरपीएमला, दुसऱ्यात गाडी ताशी ९८ किलोमीटरच्या आसपास पोचते. पहिल्यात ५९, तिसऱ्यात १३९. ऑटोमॅटिकचा दुसरा २.०६ आणि फायनल ड्राइव्ह ३.९ च्या आसपास, त्यामुळे तोच दुसरा गियर १०९ पर्यंत ओढतो.

नुसता वेग बघून भागत नाही. पुढचा गियर टाकल्यावर इंजिन कितीवर येऊन पडतं, ते जास्त महत्त्वाचं. मॅन्युअलमध्ये ७,४०० ला तिसऱ्यातून चौथ्यात गेलं तर काटा ५,८०० च्या थोडा वर थांबतो. ऑटोमॅटिकमध्ये त्याच जागी ५,२७० पर्यंत खाली येतो. या इंजिनची कमाल ताकद ७,००० आरपीएमला आहे, त्यामुळे साडेपाचशे आरपीएमची ही दरी दर वेळी पुन्हा चढावी लागते. टोयोटाने युरोपसाठी दिलेले आकडेही तेच सांगतात: शून्य ते शंभर मॅन्युअलला ६.३ सेकंद, ऑटोमॅटिकला ६.९. कमाल वेग २२६ आणि २१६.

ऑटोमॅटिकचा फायदा दिसतो तो दुसऱ्या टोकाला. टॉप गियरमध्ये ताशी १०० ला ऑटोमॅटिकचं इंजिन साधारण १,९०० वर निवांत फिरतं, तर मॅन्युअलचं २,६५० वर. लांबच्या प्रवासात हा आवाज डोक्यात जातो. ज्याला गाडीत तासन्‌तास सरळ रस्त्यावर बसायचंय, त्याने ही ओळ अधोरेखित करून ठेवावी.

नेमकं उलटं उदाहरण

एवढं झाल्यावर ‘बघा, मॅन्युअलच वेगवान’ म्हणायचा मोह होतो. पण पोर्शे ९११ जीटी३ चे २०१७ सालचे आकडे शेजारी ठेवले की तो उतरतो. तेच ५०० हॉर्सपॉवरचं इंजिन. पीडीके, म्हणजे त्यांचा ड्युअल क्लच, लावला तर शून्य ते शंभर ३.४ सेकंद, मॅन्युअलला ३.९. वजन मात्र मॅन्युअलचं १,४१३ किलो आणि पीडीकेचं १,४३०. गंमत म्हणजे कमाल वेग मॅन्युअलचा जास्त, ३२० विरुद्ध ३१८.

‘ऑटोमॅटिक’ या एकाच शब्दाखाली आपण तीन निरनिराळी यंत्रं कोंबतो, तिथे गोंधळ होतो. टॉर्क कन्व्हर्टरमध्ये इंजिन आणि गियरबॉक्स यांच्यात तेल असतं, म्हणून सुरुवात लोण्यासारखी. आणि आतला लॉक-अप क्लच बसला की जोड पक्का. ड्युअल क्लचमध्ये विषम गियर एका शाफ्टवर, सम गियर दुसऱ्यावर. तुम्ही तिसऱ्यात असता तेव्हा चौथा आधीच लावून ठेवलेला असतो. एक क्लच सुटतो, दुसरा पकडतो, ताकद तुटतच नाही. तिसरा प्रकार एका क्लचचा, मॅन्युअलच्याच पोटातला, फक्त क्लच मशीन दाबतं. फेरारीने १९९७ मध्ये एफ३५५ मध्ये पॅडलसह (स्टिअरिंगमागच्या, गियर बदलायच्या पट्ट्या) दिला तो हाच. त्याच्या मागे फॉर्म्युला वनमधलं १९८९ चं वर्ष आहे: फेरारी ६४० ही पॅडलवाली गाडी ब्राझीलच्या पहिल्याच शर्यतीत नायजेल मॅन्सेलने जिंकून दाखवली. ड्युअल क्लच रस्त्यावरच्या गाडीत आला तो २००३ मध्ये, फोक्सवॅगन गोल्फ आर३२ मधून. पोर्शे तो १९८० च्या दशकातच रेसच्या गाड्यांत घासत होती.

जीटी३ ची पुढची कहाणी बहुतेकांना ठाऊक असेल. २०१३ मध्ये ती फक्त पीडीकेसह आली आणि चाहते खवळले. २०१६ मध्ये फक्त मॅन्युअलची ९११ आर आली, ९९१ गाड्या, आणि त्यानंतर जीटी३ मध्ये मॅन्युअल परत आला. टोयोटा सुप्राचंही तेच: २०१९ ला आली ती आठ गियरच्या ऑटोमॅटिकसह, मॅन्युअल २०२२ मध्ये मिळाला. कंपन्यांना ग्राहकाचं ऐकावं लागतं, एवढंच त्यातून कळतं. माझ्या वहीतला प्रश्न त्याने सुटत नाही.

ज्या गाडीने माझं मत बनवलं

मत बनलं ते पोर्शे केमन जीटी४ मुळे, आणि ती गाडी मला परवडणाऱ्यांतली नाही हे आधीच सांगतो. चार लिटरचं, टर्बो नसलेलं, ८,००० आरपीएमपर्यंत चढणारं इंजिन, सहा गियरचा मॅन्युअल, सगळं कसं मागून घेतल्यासारखं. पण दुसरा गियर ताशी १३० च्या पुढे जातो! रस्त्यावर तुम्ही पहिला सोडलात, दुसरा टाकलात आणि कायद्याची हद्द संपली. उरलेले चार गियर ट्रॅकसाठी आणि मन रमवायला. हात लिव्हरवर, पण लिव्हरला काम नाही.

म्हणून माझा नियम असा झाला: मी ज्या वेगाने रोज गाडी चालवणार, त्या वेगाच्या पट्ट्यात किती गियर बसतात ते आधी मोजायचं. दोनच बसत असतील तर मॅन्युअलचा हट्ट फुकट. तिथे चांगला ड्युअल क्लच घ्यावा आणि मोकळं व्हावं. तीन-चार बसत असतील तर क्लचचा त्रास वसूल होतो. माझदा एमएक्स-५ ची एवढी कौतुकं होतात त्यातला मोठा वाटा याच गोष्टीचा आहे. तिचा सहावा गियर चक्क १:१ आहे, ओव्हरड्राइव्ह (१ पेक्षा कमी रेशोचा, फक्त इंजिन निवांत ठेवणारा गियर) नाहीच. म्हणजे सगळे गियर कामाचे, आणि लिव्हरची चाल आखूड. जीआर ८६ मध्ये ताशी ४० ते १४० च्या पट्ट्यात पहिले तीन गियर रेडलाइनला लागतात आणि चौथा मधल्या आरपीएमवर ओढतो. माझ्या वळणांना हे चालतं.

चालवून पाहिलं

दोन्ही गाड्या एकाच रस्त्यावर, लागोपाठ. चढ, वळणं, मग गर्दी.

गर्दीत ऑटोमॅटिकचा विजय, वाद नाही. ब्रेक सोडला की गाडी हळूहळू सरकते, बस्स. याउलट एका ओळखीच्याच्या ड्युअल क्लच गाडीत रांगेत बसलो होतो तेव्हा तिचा स्वभाव कळला: माणसाच्या चालीच्या वेगाला ती क्लच अर्धवट पकडते, सोडते, पुन्हा पकडते, आणि मान डोलत राहते. चढावर रिव्हर्स घेताना तर जास्तच. कन्व्हर्टरची मऊ सुरुवात तिथे कळते.

मॅन्युअलचा क्लच हलका निघाला, पण पकडतो कुठे ते पायाला उमगायला वेळ गेला. पकडीची जागा पेडलच्या वरच्या भागात आहे. पहिल्या काही सिग्नलला गाडी नको तेवढी गुरगुरली. नंतर सवय झाली.

वळणांवर मात्र चित्र पालटलं. ८० च्या वेगात तिसऱ्यातून दुसऱ्यात उतरायचं तर काटा ४,२५० वरून ६,०५० वर न्यावा लागतो. क्लच दाबलेला असताना रेसला एक ठोसा देऊन हे अठराशे आरपीएम भरून काढायचे. ब्रेक चालू ठेवून हे करायचं म्हणजे हील-टो: पंजाचा अंगठ्याकडचा भाग ब्रेकवर, पायाची उजवी कड कलती करून रेसवर. घरच्या रस्त्यावर हळू ब्रेक लावताना हे जमत नाही, कारण ब्रेकचं पेडल रेसच्या वर राहतं आणि पाय पोचत नाही. जोरात ब्रेक लावला की पेडल खाली जातं, दोन्ही एका पातळीवर येतात आणि सगळं अचानक सोपं होतं. ज्यांना ‘जमतच नाही’ असं वाटतं त्यांनी एकदा मोकळ्या ट्रॅकवर दमदार ब्रेक लावून बघावं.

ठोसा कमी पडला तर मागची चाकं इंजिनला ओढायला लागतात. कोरड्यात नुसता झटका, ओल्यात शेपटी बाहेर. निसानने २००९ च्या ३७०झेड मध्ये हा ठोसा गाडीनेच मारायची सोय आणली, आता बऱ्याच मॅन्युअलमध्ये ती असते आणि बटणाने बंद करता येते. जीआर ८६ मध्ये नाही. मला ते बरंच वाटलं, पण शिकणाऱ्याला ती सोय असण्यात काही कमीपणा नाही.

ऑटोमॅटिकमध्ये याच वळणांवर मी डाव्या पायाने ब्रेक लावून पाहिला. उजवा पाय मोकळा, लक्ष पूर्ण रेषेवर (वळणातून गाडी न्यायच्या वाटेवर), ब्रेक कुठे सोडायचा यावर. खरं सांगायचं तर पहिल्या काही फेऱ्यांत मी ऑटोमॅटिकमध्ये जास्त नीट चालवत होतो. ट्रॅक नवा असेल तर आधी रेषा शिकाव्या, गियर नंतर. ‘मॅन्युअलवरच शिक’ असा जो सल्ला सर्रास दिला जातो तो मला अर्धाच पटतो. खटकलं ते एवढंच की पॅडल ओढल्यावर कधी कधी गाडी हुकूम ऐकते आणि मग विचार करते.

महागात पडणारा गियर

याचाही हिशेब केला. चौथ्यात ७,००० वर असताना पाचवा टाकायचा आणि हात आत ओढला जाऊन तिसरा पडला, तर क्लच सोडताक्षणी चाकं इंजिनला ८,९०० च्या जवळ नेतात. रेव्ह लिमिटर इथे काही करू शकत नाही. तो फक्त इंधन तोडतो, आणि इथे इंजिन इंधनावर फिरतच नसतं. व्हॉल्व्ह, रॉड, काय जाईल ते जाईल. ऑटोमॅटिकचा कॉम्प्युटर असा गियर सरळ नाकारतो. उपाय हाताच्या ठेवणीत आहे: चौथ्यातून पाचव्यात जाताना लिव्हर मुठीत आवळायची नाही. आधी तळहाताने हलकेच आपल्यापासून लांब सरकवायची, मग पुढे. आवळलेला हात तिला आपल्याकडे ओढतो. हे स्टिअरिंग डावीकडे असलेल्या गाडीचं. ज्या गाडीत स्टिअरिंग उजवीकडे असतं तिथे ही दिशा उलटी.

देखभालीचं थोडक्यात: मॅन्युअलमध्ये गियर ऑइल आणि कधीतरी क्लच. क्लचवर पाय टेकवून चालवू नये आणि हात लिव्हरवर विसावू नये, आतले (गियर सरकवणारे) फोर्क झिजतात. वेट क्लचवाल्या (तेलात बुडालेल्या क्लचच्या) ड्युअल क्लचचं तेल आणि फिल्टर वेळेवर बदलावेच लागतात, तिथे हयगय चालत नाही. जुनी घेणाऱ्याने नोंदवहीत पहिल्यांदा तेच शोधावं.

ठरलं ते

मॅन्युअल. कारण या गाडीचे गियर जवळजवळ आहेत, इंजिनला वर चढायला आवडतं आणि माझे रस्ते वळणांचे आहेत. रोजचा प्रवास गर्दीतला असता तर हाच निर्णय घेतला नसता, आणि गाडी जीटी४ असती तर पीडीकेच घेतला असता. ७१८ जीटी४ ला तो उशिरा आला, पण शून्य ते शंभर ४.४ वरून ३.९ वर आणून आला.

आता चाकांचा प्रश्न. १७ इंची चाकावर २१५/४५ टायर बसतो, परीघ १.९६ मीटरच्या थोडा वर. दुसरा गियर ९८ ऐवजी ९७ ला संपेल, म्हणजे गियरच्या गणितात काही हलत नाही. १७ चीच घेतोय. टायरची भिंत जाड, खड्ड्याला बरी, आणि मिळणारा टायर कमी चिकट असल्याने शेपटी कमी वेगातच बोलायला लागते. पुढचं काम त्या टायरवर ओल्या ट्रॅकवर तिसऱ्यातून दुसरा उतरवायचा.