ओठांभोवतीचं पुरळ आणि मेडिकलची ट्यूब

हनुवटीवर आणि ओठांच्या कडेने बारीक लाल दाणे उठले, तेव्हा घरात ज्याने पाहिलं त्याने वेगळं कारण सांगितलं. सासूबाई म्हणाल्या, "रातच्याले कोळी मुतला असन, तूप लाव." जाऊबाईंच्या मते ही पोटातली उष्णता, म्हणून त्यांनी सब्जा भिजवून दिला. मेडिकलवाल्याने कारण विचारलंच नाही, सरळ एक ट्यूब पुढे केली. त्या ट्यूबने चेहरा लगेच साफ झाला. लावणं थांबवलं की पुरळ परत यायचं, आणि आधीपेक्षा जास्त. कापूस वेचणीपासून उन्हाळा लागेपर्यंत हेच चाललं. ट्यूब घरात तेल-मिठासारखी येऊ लागली.

शेवटी देवळीहून वर्ध्याची एसटी धरली आणि सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयात त्वचारोगाच्या ओपीडीत गेले. मॅडमनी पहिला प्रश्न विचारला, "तोंडाला काय काय लावता? सगळं दाखवा." पिशवीतली ट्यूब त्यांनी उलटून वाचली. त्यात क्लोबेटासोल होतं. हे बरंच जोरदार स्टेरॉइड, म्हणजे कातडीची सूज-लाली तात्पुरती दाबणारं औषध. त्यांनी आरसा देऊन मला एक गोष्ट दाखवली: दाणे सगळीकडे होते, पण ओठांना लागून कातडीची एक बारीक पट्टी स्वच्छ होती. याला पेरिओरल डर्मेटायटिस म्हणतात, आणि स्टेरॉइडची मलमं हे त्याचं मोठं कारण आहे, असं त्यांनी सांगितलं. जाड क्रीम आणि दात घासायची फ्लोराइडवाली पेस्ट यांनीही काहींना ते वाढतं.

मग हे साधे मुरुम का नाहीत, हे मी विचारलं. मुरुम केसाच्या मुळाशी, तेलाची ग्रंथी तुंबली की होतो. ओठाच्या लाल भागावर केसच नसतात, त्यामुळे खरा मुरुम ओठाच्या कडेला किंवा बाहेर येतो. तेलकट लिप बाम, वरच्या ओठावरचं थ्रेडिंग, हार्मोन्सचे बदल, ही त्याची कारणं. ओठावर दिसणारे बारीक पिवळसर, न दुखणारे ठिपके तर आजारच नाहीत. त्या तेलाच्या ग्रंथीच असतात, फोर्डाइस नावाच्या. फोडायच्या नाहीत, बस्स.

उपचार सांगायला सोपा होता: ट्यूब पूर्ण बंद, चेहऱ्याला दुसरं काही नाही, पेस्ट बदलायची आणि काही आठवडे डॉक्सिसायक्लिन या अँटिबायोटिकच्या गोळ्या. दिवस गेलेत का, अंगावर पाजता का, हे त्यांनी आधी विचारून घेतलं, कारण गरोदरपणात ही गोळी देत नाहीत. गोळी भरपूर पाण्यासोबत घ्यायची आणि लगेच आडवं व्हायचं नाही. तिच्यामुळे ऊन जास्त बाधतं, म्हणून वावरात जाताना तोंडाला दुपट्टा.

पण खरी कसोटी होती ती ट्यूब सोडण्याची. पहिले काही दिवस तोंड भाजल्यासारखं लाल झालं, आग व्हायची. "असं होणारच, घाबरून परत लावू नका," हे मॅडमनी आधीच बजावलं होतं म्हणून मी टिकले. लग्नसराई सुरू होती आणि प्रत्येक मांडवात कोणी ना कोणी विचारायचंच. हळूहळू दाणे बसत गेले, आग थांबली. डाग जायला मात्र वेळ लागला.

मला राग येतो तो एका गोष्टीचा. केंद्र सरकारने २०१८ साली १४ स्टेरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकता येणार नाहीत अशा औषधांच्या यादीत घातली, तरी खेड्यापाड्यांत ती चॉकलेटं दिल्यासारखी दिली जातात. ट्यूबवर क्लोबेटासोल, बीटामेथासोन, मोमेटासोन यांपैकी नाव दिसलं तर डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय चेहऱ्याला लावू नका.

परवा नणंदेच्या पोरीला ताप उतरल्यावर ओठाच्या कडेला पाण्याच्या फोडांचा घोस आला. फोड यायच्या आधी तिथे मुंग्या आल्या होत्या, आणि दर वेळी जागा तीच. ही लक्षणं हर्पीसच्या विषाणूची, म्हणून तिला लगेच डॉक्टरकडे पाठवलं. असायक्लोव्हिर हे त्या विषाणूवरचं औषध मुंग्या येतानाच सुरू केलं तर जास्त उपयोगी पडतं. खपल्या पडेपर्यंत तिचा टॉवेल आणि पेला वेगळा ठेवलाय, आणि बाळाचा मुका घ्यायला तिला सक्त मनाई आहे.